‘पुढे बसा, असं मीच म्हणाले होते’

पत्र थोडक्यात: पुण्यात राहणारी एक चाळिशीतली वाचक दिवाळीच्या सुट्टीत नवरा, दोन मुलं आणि 64 वर्षांच्या सासूबाईंना घेऊन मालवणला गेली होती. देवबागहून स्पीड बोटीने डॉल्फिन बघायला निघताना ‘आई, तुम्ही पुढे बसा, छान दिसेल’ असं म्हणून तिने सासूबाईंना अगदी पुढच्या बाकावर बसवलं. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातली होती. खाडीच्या तोंडाशी बोट लागोपाठ लाटांवर आपटली. सासूबाई बाकावरून उडाल्या आणि परत बाकावरच आदळल्या. कळ अशी गेली की उठता येईना. किनाऱ्यावर आणून, रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. कमरेचा पहिला मणका दबून मोडला होता. काही दिवस रुग्णालयात काढून आता त्या घरी पट्टा लावून पडून आहेत.

बोट चालवणारा मुलगा विशीतला. तो रात्रभर दवाखान्यात थांबला, भाडं परत दिलं, रडला. त्यामुळे नवरा म्हणतो, अपघात होता, त्या पोराच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? सासूबाई म्हणतात, माझ्या नशिबात होतं. हाडं ठिसूळ आहेत असं डॉक्टर म्हणाल्याचं कळल्यावर बोटीच्या मालकाने ‘मग यात आमचा काय दोष’ म्हणून फोन ठेवला. ओळखीच्या विमा एजंटाने ‘साहसी खेळ आहे, क्लेम मिळणार नाही’ असं सांगितल्यामुळे क्लेम टाकलेलाच नाही. नणंद फोनवर म्हणाली, ‘या वयात आईला बोटीत बसवायची हौस कुणाची होती?’ पुढच्या बाकावर कुणी बसवलं, हे नणंदेला अजून माहीत नाही. आता जानेवारीत सोसायटीतली काही कुटुंबं मिळून पुन्हा कोकणात जायचं ठरतंय. वाचक विचारते: चूक माझी आहे का? तक्रार केली तर कृतघ्नपणा होईल का? आणि जानेवारीत बोटीला सरळ नाही म्हणू का?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय, जरा वेगवेगळ्या शब्दांत: ‘लाइफ जॅकेट तर घातलं होतं.’ मला वाटतं तुमची सगळी घालमेल त्या वाक्यातून सुरू होते. पाण्यावर जाताना आपल्या डोक्यात एकच भीती असते, बुडण्याची. ती खोटी नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली आणि त्यानंतर गेटवेवर प्रत्येक प्रवाशाच्या अंगात लाइफ जॅकेट दिसू लागलं. हे व्हायलाच हवं होतं. पण त्यातून आपल्या मनात एक समीकरण पक्कं बसलं: जॅकेट घातलं की काळजी संपली. जॅकेट माणसाला तरंगवतं, पाठीचा मणका मात्र वाचवत नाही. अमेरिकेचं तटरक्षक दल हौशी नौकाविहारातल्या अपघातांची दरवर्षी मोजदाद करतं. 2023 मध्ये त्यांच्याकडे 564 मृत्यूंची नोंद झाली आणि 2,126 जखमींची. तेही नुसत्या प्रथमोपचाराने भागलं नाही असे जखमी. म्हणजे मृत्यूंच्या जवळजवळ चौपट माणसं मोडलेल्या हाडांनी, फाटलेल्या हातापायांनी डॉक्टरकडे पोचली. आपल्याकडे अशा माणसांची बातमी होत नाही. ती आपापल्या गावी परत जातात, पट्टा लावून पडून राहतात आणि घरात ‘नशीब’ हा शब्द फिरू लागतो.

तेव्हा आधी बोटीत काय झालं ते नीट बघू, कारण ते कळल्याशिवाय चूक कुणाची हे ठरवता येणार नाही.

एसटीच्या मागच्या सीटवर बसून घाट उतरलेल्या कुणालाही माहीत असतं की दणके कुठे बसतात. वेगात निघालेल्या बोटीत हेच उलट होतं. मागचा, इंजिनाकडचा भाग पाण्यात बसलेला असतो आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेवर चढतं आणि धाडकन पडतं. पुढच्या बाकावरचा माणूस लाटेच्या माथ्यावर बाकापासून सुटतो. तो खाली येत असतो त्याच क्षणी पुढची लाट बाक वर ढकलत असते. दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो सगळा मार सरळ कण्यातून वर जातो. उभा माणूस गुडघे वाकवून थोडा मार झेलतो, बसलेल्याला तीही सोय नाही. छातीच्या मागचा ताठ कणा आणि कमरेचा लवचिक कणा जिथे जुळतात तिथेच मणका दबतो, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर इतक्या वेळा डी-12 (छातीमागचा शेवटचा मणका) किंवा एल-1 (कमरेचा पहिला मणका) लिहिलेलं असतं. तुमच्या सासूबाईंचंही तेच आहे.

त्यात जागा खाडीच्या तोंडाची. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तुम्ही दुपारी निघालात असं लिहिलंय. दुपारी खारा वारा भरतो आणि सकाळी तव्यासारखं दिसणारं पाणी चांगलंच खवळतं. किनाऱ्यावरचं कुठलंही पोर हे सांगेल. पुण्याहून पहिल्यांदा आलेल्या बाईला ते माहीत असण्याचं काही कारण नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं नाही. पुढचा बाक सगळ्यात वाईट, हे त्या बोटीत ज्याला माहीत असायला हवं होतं असा एकच माणूस होता. साठीच्या पुढच्या बाईला पुढे बसलेली बघून ‘काकी, तुम्ही मागे या’ म्हणणं हे त्याचं काम होतं. लाटा दिसल्यावर वेग कमी करणं हेही त्याचंच. तुम्ही सासूबाईंना चांगलं दिसावं म्हणून चांगली जागा दिलीत. त्या जागेचा धोका ओळखण्याची जबाबदारी ज्याने भाडं घेतलं त्याची असते.

पण मग लपवू नका. नणंदेला माहीत नाही, हे लिहिताना तुमचं अक्षर बदललंय (पत्र हाताने लिहिलंत, म्हणून हे दिसलं). सासूबाईंना तर माहीतच आहे, त्या तिथे होत्या. त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणजे त्या तुम्हाला सांभाळून घेताहेत. ते ओझं त्यांच्या दुखऱ्या पाठीवर कशाला? नणंदेला फोन करून सांगा: पुढे मी बसवलं, धोका मला माहीत नव्हता, मला वाईट वाटतं. एवढंच. त्यापुढे स्पष्टीकरण नको, रडणं नको, ‘पण बोटवाल्यानेही’ नको. ती चिडेल कदाचित. तिची आई मोडली आहे आणि ती लांब आहे. तिच्या टोमण्याच्या तळाशी मला तीच असहायता दिसते. तिला एखादं काम द्या. फिजिओथेरपीच्या वेळा, विम्याचे कागद, काहीही. लांबच्या माणसाला काम मिळालं की दोष शोधण्याची गरज कमी होते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आता ठिसूळ हाडं. बोटमालक ‘हाडंच ठिसूळ’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. हाडं ठिसूळ असतील तर उपचार हवेत, हे खरं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं वेगाने विरळ होतात आणि आपल्या घरांत साठीच्या बाईची हाडांची घनता कुणी मोजत नाही. सांधे दुखले की वय म्हणून सोडून देतात. सासूबाईंची डेक्सा चाचणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली नसेल तर करून घ्या. ड जीवनसत्त्व तपासा. हाड बळकट करणारी औषधं सुरू करायची का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, कारण एक मणका दबला की दुसरा दबण्याची शक्यता वाढते आणि नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर ते भागत नाही. पण ठिसूळ हाड हे बोट आपटण्याचं कारण नव्हे. धक्का देणाऱ्याला समोरचा माणूस जसा असेल तसा स्वीकारावा लागतो, हे कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. ‘धडधाकट असता तर वाचला असता’ हा बचाव तिथे चालत नाही. शिवाय अशा बोटींमध्ये तरुण, निरोगी माणसांचेही मणके मोडतात. ब्रिटनमध्ये 2008 साली ब्रिस्टल चॅनेलमध्ये हवेने फुगवलेल्या कडांच्या वेगवान बोटीतून फेरफटका मारताना एका प्रवासी महिलेचा मणका मोडला, तेव्हा तिथल्या सागरी अपघात तपास विभागाने त्याची रीतसर चौकशी करून अहवाल काढला. कुणी बुडालं नव्हतं, बोट उलटली नव्हती. एका बाईच्या पाठीसाठी एवढी चौकशी झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

‘आम्ही रिक्षात बसवून नेलं, त्याने वाढलं का’ असंही तुम्ही विचारलंय. पायांत ताकद आणि संवेदना आहे, लघवी-शौचावर ताबा आहे, तेव्हा मज्जारज्जू शाबूत आहे असाच त्याचा अर्थ निघतो. त्या विचारात आता रात्री घालवू नका. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: बोटीत आपटून पाठीत कळ आली तर माणसाला उठवायचं नाही, बसवायचं नाही. बोटीच्या तळावरच सपाट झोपवा, डोकं-मान-पाठ एका रेषेत राहू दे, चालवणाऱ्याला अगदी हळू परत न्यायला सांगा आणि किनाऱ्यावर पोचण्याआधीच 108 ला फोन करा. स्ट्रेचर येईपर्यंत फळी चालते, पण चार माणसांनी हातापायाला धरून उचलणं नको. आणि घरी असताना सासूबाईंचे पाय अचानक जड झाले, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

विम्याचं तर मला वाचून वाईट वाटलं, कारण तिथे तुम्ही प्रयत्नही केला नाहीत. एजंटाने जे सांगितलं ते अर्धंच. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत धोकादायक किंवा साहसी खेळांचं अपवादाचं कलम असतं, ते बहुतेक सगळ्या पॉलिसींत एकाच ठरीव शब्दांत असतं, आणि त्या शब्दांत ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्याच्या उपचारांचा खर्च वगळलेला असतो. तुमच्या सासूबाई व्यावसायिक नौकापटू नाहीत. भाडं देऊन डॉल्फिन बघायला गेलेल्या प्रवासी आहेत. तुमची पॉलिसी काढा आणि ते कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नवी पॉलिसी असली तरी सुरुवातीचे तीस दिवस क्लेम न मिळण्याची अट अपघाताला लागू होत नाही. दिवस गेले म्हणून हात आखडू नका. केवळ उशीर झाला या कारणावरून खरा क्लेम फेटाळू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना सांगून ठेवलंय. उशिराचं कारण एका पानावर लिहून जोडा. कंपनीने नाकारलं तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी जा, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि तिथे पैसे लागत नाहीत.

एक बारीक गोष्ट, पण इथेच पुष्कळांचं अडतं. डिस्चार्ज कार्डावर दुखापतीचं कारण काय लिहिलंय ते बघा. घाईत ‘घसरून पडल्या’ किंवा नुसतं ‘पाठदुखी’ असं लिहिलेलं असतं. ‘वेगात जाणाऱ्या बोटीत लाटेवर आपटून’ अशी नोंद हवी. तशी नसेल तर रुग्णालयाला लेखी विनंती करा. विमा, तक्रार, पुढचे उपचार, सगळं त्या एका ओळीवर उभं राहतं.

आता जानेवारीचा बेत. बोटीला सरसकट नाही म्हणू नका, असं मला मनापासून वाटतं. मालवणला जाऊन पाण्यावर जायचंच नाही, हे मुलांना भीती शिकवणं झालं, आणि ती भीती त्यांना पुढे कुणी मित्र बोटीच्या कडेवर उभा राहून उड्या मारेल तेव्हा उपयोगी पडणार नाही. बोट कशी निवडायची आणि बोटीत कसं वागायचं, हे मात्र उपयोगी पडेल.

सकाळी लवकर जा. ज्यांची हाडं, पाठ, मान यांची काही तक्रार आहे, ज्यांची पाठीची शस्त्रक्रिया झालीय, ज्या गरोदर आहेत, त्यांच्यासाठी उघड्या समुद्रातली स्पीड बोट नकोच. कर्ली खाडीच्या आतल्या पाण्यात संथ बोटीने फिरता येतं, तेही सुंदर आहे. स्पीड बोटीत बसायचंच तर मागे किंवा मध्ये, दोन्ही पाय तळाला टेकवून आणि हाताने काहीतरी पक्कं धरून. निघण्याआधी चालवणाऱ्याला सगळ्यांसमोर, आदराने पण स्पष्ट सांगा: दादा, आम्हाला थरार नको, लाटेवर हळू घ्या. गटातल्या एकाने हे काम अंगावर घ्यायचं. पर्यटकांना उड्या आवडतात असं त्या मुलांना वाटतं, कारण बहुतेक पर्यटक खरंच ओरडून ‘अजून’ म्हणतात. बोटीवर प्रवासीसंख्या लिहिलेली असते. ती वाचा आणि एकही माणूस जास्त असेल तर उतरा. सोसायटीच्या ग्रुपमध्ये ‘सगळे एकाच बोटीत बसू’ हा आग्रह होणार, तेव्हा तो मोडण्याची तयारी ठेवा.

मुलं बनाना राइडचा हट्ट धरतील. त्या राइडमध्ये शेवटी मुद्दाम उलटवतात. पाण्यात पडून फारसं लागत नाही, लागतं ते एकमेकांवर पडून: डोक्यावर डोकं, दातावर कोपर, दुसऱ्याच्या वजनाखाली सापडलेलं मनगट. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मागे ऐंशी किलोचा काका बसवू नका. उलटवायचं नाही असं आधीच सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

सगळ्यात जास्त भीती मला पंख्याची वाटते. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या जखमेला दुसरी संधी नसते. बोटीच्या मागचा पंखा पाण्याखाली असतो, दिसत नाही; बोट नुसती थांबली म्हणजे तो थांबलाच असं नाही. पाण्यातून बोटीत चढणारा माणूस नेमका मागच्या बाजूने येतो, कारण तिथे कड खाली असते आणि शिडी असते. नियम एकच ठेवा: पाण्यात कुणीही असेल तर इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. आवाज थांबल्याशिवाय मुलांनी बोटीजवळ पोहत जायचं नाही, हे त्यांच्याकडून घरीच वदवून घ्या. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला इंजिन तोडणारी दोरी अडकवलेली आहे का तेही बघा. तो पाण्यात फेकला गेला तर दोरी ओढली जाऊन इंजिन आपोआप थांबतं. नसेल तर रिकामी बोट पाण्यात पडलेल्यांभोवती गोल फिरत राहते. अमेरिकेत 26 फुटांच्या आतल्या बोटींना ती दोरी लावून चालवणं एप्रिल 2021 पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे ती दोरी पुष्कळदा चावीला गुंडाळून ठेवलेली असते. ‘दादा, दोरी लावा ना’ म्हणायला काही लागत नाही.

जेट स्कीवर मागे बसणाऱ्याने वेटसूटची, म्हणजे जाड रबरी कापडाची घट्ट विजार घालावी, नुसती पोहण्याची चड्डी पुरत नाही. मागे पडलं तर पाण्याचा जोरदार झोत थेट शरीराच्या आत घुसून आतड्यापर्यंत इजा करू शकतो, आणि यंत्रावरच्या इशाऱ्यातही तसं लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. अंगठ्या आणि बांगड्या खोलीवर ठेवून निघा. बोटीतून उडी मारताना अंगठी कशात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. जेट्टीला लागताना बोट हाताने ढकलायला जाऊ नका. ते खलाशाचं काम आहे, आपली बोटं चेंगरतात. आणि खाडीच्या पाण्यात जखम झाली तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन, डॉक्टरला आवर्जून सांगा की जखम खाडीच्या पाण्यातली आहे. कोमट निमखाऱ्या पाण्यातले काही जंतू मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसात एका दिवसात भयंकर पसरतात, आणि औषध त्याप्रमाणे निवडावं लागतं. दारूबद्दल एवढंच: गटातल्या ज्याने दुपारी घेतली आहे तो त्या दिवशी बोटीत बसणार नाही, हा ठराव पुण्यातून निघतानाच करा.

राहिला तो मुलगा. तो रात्रभर थांबला, रडला, पैसे परत दिले. हे सगळं खरं आहे आणि त्याच्या मनाची चांगली साक्ष आहे. त्याने वेग कमी केला नाही, तुमच्या सासूबाईंना मागे घेतलं नाही, हेही तितकंच खरं. नंतरच्या चांगुलपणाने आधीचा निष्काळजीपणा पुसला जात नाही आणि निष्काळजीपणाने चांगुलपणा खोटा ठरत नाही. तुम्ही दोन्ही एकाच तागडीत टाकताय, म्हणून निर्णय होत नाहीये.

शिवाय बोट त्याची नाही. फेऱ्या कमी वेळात किती काढायच्या हे तो ठरवत नाही, मालक ठरवतो, आणि मालकाने फोन ठेवून दिलाय. त्या मुलाला कुणी शिकवलंय की नाही, गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी पॉवर बोटीचं प्रशिक्षण मिळतं हे त्याला कुणी सांगितलंय की नाही, हे प्रश्न त्याला विचारण्याचे नाहीत. मालकाला विचारण्याचे आहेत. तुमची तक्रार त्याच्यावर असायला हवी. मग ‘पोराच्या पोटावर पाय’ हा नवऱ्याचा मुद्दाच उरत नाही. उलट, उद्या याच बोटीत कुणाचा जीव गेला तर तुरुंगाच्या दारात पहिला तो मुलगा उभा राहील; बेदरकारपणे नौका हाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 282 खाली गुन्हा आहे. आज वेगाला आळा बसला तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच.

गप्प बसणं आणि पोलिसात जाणं या दोनच वाटा आहेत असं समजू नका. पहिली पायरी बंदर खात्याची. किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतात आणि मालवणला बंदर निरीक्षकांचं कार्यालय आहे. साहसी पर्यटनाच्या व्यवसायांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं राज्याचं 2021 चं धोरण सांगतं. दोन्हीकडे एकच अर्ज पाठवा, मराठीत, दोन पानांच्या आत. तारीख, वेळ, बोटीचं नाव किंवा क्रमांक, कोण कुठे बसलं होतं, बोट कुठे आपटली, काय दुखापत झाली. सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत. आणि शेवटी मागण्या: ठरावीक वयाच्या पुढच्या प्रवाशांना पुढे बसवू नये, खाडीच्या तोंडाशी वेगाची मर्यादा पाळावी, पाठीचा त्रास आहे का हे तिकीट देताना विचारावं. मुलाचं नाव लिहायची गरज नाही.

मालकाकडून उपचारांचा खर्च हवा असेल तर त्याला आधी लेखी नोटीस द्या. त्याच्याकडे प्रवाशांचा विमा असेल तर त्यातूनही देता येईल. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. अपघातापासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, मालवणच्या खेपा घालाव्या लागत नाहीत आणि वकील सक्तीचा नाही. बसण्याआधी ‘काही झालं तर जबाबदारी आमचीच, बोटवाल्याची नाही’ अशा कागदावर सही केली असली तरी बिचकू नका; निष्काळजीपणाची जबाबदारी अशा कागदाने आपोआप झटकता येत नाही. तो कागद वकिलाला दाखवा.

पण हे सगळं करण्याआधी एक प्रश्न राहिलाय, जो तुमच्या घरात अजून कुणी विचारलेलाच दिसत नाही. तुम्ही, नवरा, नणंद, मालक, एजंट, सगळे सासूबाईंच्या मणक्याबद्दल बोलताहेत. त्या म्हणाल्या ‘नशिबात होतं’ आणि तुम्ही तिथे थांबलात. घरातलं भांडण मिटावं म्हणून बाई असं म्हणते, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांच्याजवळ बसा, बोटीत काय होतं ते मी लिहिलंय तसं समजावून सांगा, आणि मग विचारा: आई, तुम्हाला काय हवंय? खर्च परत हवा, मालकाने येऊन माफी मागायला हवी, की काहीच नको? त्या काहीच नको म्हणाल्या तर नोटीस पाठवू नका. बंदर खात्याच्या अर्जासाठी मात्र त्यांना एकदा आग्रह करा, कारण तो पैशासाठी नाही. हो म्हणाल्या तर तपशील त्यांच्याच तोंडून उतरवून घ्या, त्यांनाच सही करू द्या, अर्ज पोचपावती असलेल्या टपालाने पाठवा आणि जानेवारीत मालवणला जाल तेव्हा कार्यालयात जाऊन त्याचं काय झालं ते विचारा.